बहात्तरावा तुकडा

शिरगावकर मॅडमनी दोन्ही ट्रे टेबलावर ठेवले आणि आतले लाकडी तुकडे हाताने एकदा ढवळले.

"तुकड्यांवर आकडे नाहीत. समोर कागद नाही, मोबाइल नाही," त्या म्हणाल्या. "ज्याने हा हातमाग रचला, त्याच्या हाताला तो आठवेल. करा सुरू."

एप्रिलमधला रविवार होता. सांगलीच्या एका शाळेचा चित्रकलेचा वर्ग, भिंतीला टेकवून ठेवलेली बाकं आणि मधे एक लांब टेबल. एका टोकाला मी, श्रीधर आवटी, आणि दुसऱ्या टोकाला रत्नमाला बुगड. समोर आमच्या 'जोडखेळ' ग्रुपमधली तीसेक माणसं खुर्च्यांवर बसली होती. सगळ्यात मागे, दाराजवळ, रत्नमालाचा थोरला भाऊ महादेव हाताची घडी घालून बसला होता.

मी लगेच मागाचे चार पाय उचलले आणि आडव्या पट्ट्यांत बसवायला लागलो. आठ दिवस मी दुकानाचं शटर अर्धं ओढून हाच सराव केला होता.

रत्नमालाने मात्र एकही तुकडा उचलला नाही. तांदळातले खडे बघावेत तसे तिने ट्रेमधले तुकडे बोटांनी पसरले. मग मान वर केली.

"मॅडम, यात एक तुकडा कमी हाय."

"आवटी?" मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

"दोन्ही सेट एकाच फाइलवरून कापलेत मॅडम," मी म्हणालो. "मोजून दिलेत."

"जोडायच्या आधीच कसं कळलं?" पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, आणि दोनचार जण हसले.

"चालू ठेवा," मॅडम म्हणाल्या.

मी खाली मान घालून जोडत राहिलो.

इथपर्यंत गोष्ट कशी आली ते सांगतो. मिरजेत माझं लेझर कटिंगचं दुकान होतं. पाट्या, ट्रॉफ्या, लग्नाच्या पत्रिकांचे लाकडी खोके, असली कामं. फावल्या वेळात मी तीन मिलिमीटरच्या प्लायवूडमधून खेळणी कापायचो. बैलगाडी, गलबत, सोंड हलवणारा हत्ती. डिंक नको, खिळा नको, खाचेत खाच बसवायची आणि खेळणं उभं. त्यातून 'जोडखेळ' नावाचा ग्रुप मी काढला. शिक्षक होते, निवृत्त माणसं होती, दोन डॉक्टर होते, मिळून नव्वद जण. प्रत्येकाने आपला आराखडा ग्रुपवर टाकायचा, कोणीही तो कापून जोडावा, फोटो पाठवावा. नियम एकच होता आणि तो मीच घातला होता. मूळ आराखडा ज्याचा, त्याचं नाव फाइलवर राहील.

त्या वर्षीच्या जानेवारीत रत्नमाला पहिल्यांदा दुकानात आली. चाळिशीची, सडपातळ, हातात कापडी पिशवी. इचलकरंजीहून एसटीने आली होती.

"भाचीच्या शाळेत तुमचा हत्ती बघितला," ती म्हणाली. "असलं कापायचं काम तुम्हीच करता न्हवं?"

पिशवीतून तिने पुठ्ठ्याचा एक हातमाग काढला. वीतभर उंचीचा. बाजूला कागदाची मूठ होती, ती तिने फिरवली. उभ्या दोऱ्यांच्या दोन रांगा वरखाली झाल्या, मधून वाट पडली, आणि त्या वाटेतून इवलासा धोटा सरकन उजवीकडे गेला. पुन्हा मूठ फिरवली, धोटा परत डावीकडे आला. मागे आडवा दोरा पडत गेला.

मी दहा वर्षं खेळणी करत होतो. चाक फिरतं, सोंड हलते, होडी डुलते, इतपत माझी मजल. हे खेळणं कापड विणत होतं.

"कोणी शिकवलं?"

"आमचे आबा हातमागावर बसायचे. मी खाली बसून बघायची." तिने धोट्याला बोट लावलं. "आता घरात सगळे पॉवरलूम. पोरास्नी माग दाखवायचा म्हटलं तर कुठं हायच न्हाई."

सोबत आलेखाच्या वहीतला एक कागद होता. त्यावर पेन्सिलीने एकेक तुकडा काढलेला आणि शेजारी मापं. मी त्यावर नजर फिरवली आणि तिला सांगितलं की पुठ्ठ्याची मापं लाकडाला चालणार नाहीत. लेझरचा किरण कापता कापता थोडं लाकूड जाळतो, तेवढा हिशेब खाचेत धरावा लागतो, नाहीतर जोड सैल पडतो.

"म्हणजे कापड धुतल्यावर आटतं, तसं," ती म्हणाली. "आधीच धरून चालायचं."

ज्या गोष्टीला मला सहा महिने लागले होते, ती तिला एका वाक्यात कळली. मला हसू आलं, आणि त्याच वेळी बरंही वाटलं नाही. हे मी आज सांगू शकतो. तेव्हा मला ते कळलं नव्हतं.

तीन शनिवार ती येत राहिली. तिच्याकडे संगणक नव्हता, म्हणून तिच्या कागदावरून मी फाइल काढली. ग्रुपच्या माणसाला कापून द्यायचे पैसे मी घेत नसे, तिच्याकडूनही घेतले नाहीत. त्याची परतफेड म्हणून असेल, पण तिला रिकामं बसवत नसे. मशीन चाललेलं असताना ती कोपऱ्यात स्टुलावर बसून माझ्या बाकीच्या खेळण्यांचे तुकडे वेगळे करायची, काळ्या कडा फडक्याने पुसायची, पुड्या बांधायची. आमच्या ग्रुपमधले वसगडे सर, निवृत्त चित्रकला शिक्षक, एका शनिवारी आले तेव्हा त्यांनी तिला तसंच काम करताना पाहिलं.

कामाबरोबर ती थोडंफार बोलायची. नवऱ्याने सोडून बारा वर्षं झाली होती. भावाच्या घरी होती. स्वयंपाक तिचा, मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायचं काम तिचं, आणि झोपायची जागा मागाच्या शेडमधे सुताच्या पोत्यांशेजारी.

"एवढ्या आवाजात झोप लागते?" मी विचारलं.

"लाइट गेली की जाग येती," ती म्हणाली.

तिसऱ्या शनिवारी माग पूर्ण झाला. बहात्तर तुकडे. त्यातला एक चिंचोक्याएवढा होता. उजवीकडच्या खोबणीत तो सुटा ठेवायचा, कुठेही घट्ट बसवायचा नाही. धोटा येऊन त्याला धडकायचा आणि तोच त्याला परत ढकलायचा. बाकीच्या एकाहत्तर तुकड्यांना मी आकडे टाकले होते, याच्यावर आकडा मावला नाही.

तिने मूठ फिरवली. लाकडाचा धोटा गेला, आला, गेला, आला. मी मोबाइलवर ते टिपलं. फक्त हात दिसत होते, चेहरा नाही. तिची साडेचारची एसटी होती, ती गेली. माग दुकानातच राहिला, पुठ्ठ्याचा आणि कागदही. "पुढल्या वेळी नेते," म्हणाली.

मी ग्रुपवर व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं, "चालणारा हातमाग." नाव लिहायचं राहून गेलं, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. पाच मिनिटांत निरोप यायला लागले. 'आवटी सर, आजवरचं तुमचं सगळ्यात भारी काम.' 'सर, दंडवत.' वसगडे सरांनी लिहिलं, 'श्रीधर, तू आता कलाकार झालास.' वसगडे सर कौतुकाच्या बाबतीत कंजूष माणूस. मी ते वाक्य चारपाच वेळा वाचलं. मग सगळ्यांना मिळून एकच लिहिलं, 'धन्यवाद मंडळी.'

रत्नमालाला मी दुसऱ्या शनिवारीच ग्रुपमधे घेतलं होतं. तिच्याकडे भावाने टाकून दिलेला फोन होता. दोन दिवसांनी तिने मला एकट्याला निरोप पाठवला, 'सर माझं नाव राहिलं वाटतं.' मी लिहिलं, 'टाकतो ताई.'

टाकलं नाही. आठवड्याने तिने पुन्हा विचारलं, तेव्हा मी उत्तरही दिलं नाही.

मार्चमधे सांगलीच्या एका शिक्षणसंस्थेचं पत्र आलं. संस्थेच्या प्रमुख इंदुमती शिरगावकर, साठीच्या, करारी म्हणून प्रसिद्ध. त्यांना खेळण्यांचं केंद्र काढायचं होतं. चारशे शाळांना जूनमधे खेळणी पाठवायची, आणि सुरुवात हातमागाने. केंद्राला कायमचा आराखडाकार हवा होता. पगार, आणि आवारात राहायला एक खोली.

मी ते पत्र ग्रुपवर टाकलं. मिरवायचं होतं, दुसरं काय.

तिसऱ्या दिवशी रत्नमाला एसटीने सांगलीला गेली आणि शिरगावकर मॅडमच्या दारात उभी राहून म्हणाली, "तो माग माझा हाय." मॅडमनी मला फोन केला. मी म्हणालो, "मॅडम, काहीतरी गैरसमज आहे. बाई माझ्या दुकानात तुकडे निवडायला यायच्या."

हे वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघालं आणि मग तेच खरं करावं लागलं. त्याच संध्याकाळी पुठ्ठ्याचा माग मी पायाने चेपून कचऱ्याच्या गाडीत दिला. लाकडी माग सोडवून त्याचे तुकडे इतर तुकड्यांत मिसळले. आलेखाचा कागद फाडणार होतो. मग दुसरं सुचलं. कागदाच्या कोपऱ्यात मी शाईच्या पेनने माझं नाव घातलं आणि खाली मागच्या नोव्हेंबरची तारीख.

मॅडमनी परीक्षा ठरवली. दोघांनी सगळ्यांसमोर माग जोडायचा. दोन्ही सेट कापून आणायचं काम माझ्याकडेच आलं, कारण मशीन माझ्याकडे होतं.

तर त्या रविवारी मी अकरा मिनिटांत माग उभा केला. मूठ फिरवली, धोटा गेला, परत आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी घड्याळ पाहून कागदावर काहीतरी लिहिलं.

रत्नमाला अजून जोडत होती. सावकाश नव्हे, पण घाईही नाही. हातात येईल तो तुकडा ती घेत होती आणि तो कुठे जायचा ते तिला शोधावं लागत नव्हतं. पंधराव्या मिनिटाला माग उभा राहिला. तिने मूठ फिरवली. धोटा उजवीकडे गेला आणि तिथेच थांबला.

"अडकला," कोणीतरी म्हणालं.

"अडकला न्हाई," ती म्हणाली. "त्याला परत लावून देणारा तुकडा हितं न्हाई. मगाशी सांगितलं." तिने इकडेतिकडे पाहिलं. "कुणाकडं ब्लेड हाय का?"

वसगडे सरांच्या खिशात कायम कटर असायचा. त्यांनी तो तिला दिला. भिंतीजवळच्या कपाटावर चित्रकलेची फुटकी लाकडी पट्टी पडली होती. मॅडमना विचारून तिने ती घेतली, टोक मोडलं आणि कोरायला बसली. कटर एकदा घसरला आणि तिच्या अंगठ्याला लागलं. तिने अंगठा पदरात धरला, दाबला आणि पुन्हा कोरायला लागली.

इतका वेळ तो बहात्तरावा तुकडा माझ्या शर्टाच्या खिशात होता. सकाळी ट्रे भरताना मी तो काढून घेतला होता. मला वाटलं होतं, ती गडबडेल, रडेल, निघून जाईल. ती कोरत बसेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तिने कोरलेला तुकडा खोबणीत टाकला. मूठ फिरवली. धोटा गेला, आला. गेला, आला. तिने हात काढला आणि मॅडमकडे पाहिलं. चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण खांदे खाली आले होते. काम संपल्यावर येतात तसे.

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. लोक माझ्याकडे बघायला लागले. आत्ता बोललो नाही तर संपलं, हे मला समजलं.

"मॅडम, मी बोलू का?" मी उभा राहिलो. "ताईंचा हात चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्या तीन शनिवार माझ्या दुकानात हेच तुकडे निवडत होत्या. ज्याने शंभर वेळा हातात घेतलेत त्याला ते पाठच असणार. वसगडे सर, तुम्ही होतात ना एकदा?"

वसगडे सर खोटं बोलणारा माणूस नव्हता. ते अवघडून म्हणाले, "होय, बाई तिथे बसून तुकडे वेगळे करत होत्या. पुसतही होत्या. मी पाहिलंय."

"अहो सर, ते मी असंच, रिकामं कशाला बसायचं म्हणून..." रत्नमाला म्हणाली.

"मूळ आराखडा कोणाकडे आहे?" मॅडमनी विचारलं.

"माझ्याकडे," मी म्हणालो, आणि पिशवीतून तो कागद काढून मॅडमच्या हातात दिला.

रत्नमाला टेबलाला धरून उठली. कागद तिने लांबूनच ओळखला. "तो माझा कागद हाय," ती म्हणाली. "मॅडम, तो मी काढलाय. माझ्या भाचीच्या वहीतला हाय तो."

"यावर आवटींचं नाव आहे. नोव्हेंबरची तारीख आहे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

"आकडे बघा की मॅडम, आकडे माझ्या हातचे हाईत. मी आत्ता काढून दाखवते."

"आकडे सगळ्यांचे सारखेच असतात," पुढच्या रांगेतला एक डॉक्टर म्हणाला. माणूस वाईट नव्हता. त्याला लवकर घरी जायचं होतं.

मॅडमनी कागद खाली ठेवला. "तुम्ही हे घरी काढलंत म्हणता. काढताना कोणी पाहिलंय तुम्हाला?"

"दादानं बघितलंय." तिचा आवाज एकदम मोकळा झाला. ती मागे वळली. "दादा, सांग की. शेडमधे बसून काढत होते न्हवं मी? तू म्हणालास बी, कागद कशाला नासती म्हणून."

महादेव बुगड उठला. मी त्याला त्या दिवसाआधी कधी भेटलो नव्हतो, त्याच्याशी एक अक्षर बोललो नव्हतो. त्याने बहिणीकडे पाहिलं, टेबलावरच्या मागाकडे पाहिलं, मग मॅडमकडे.

"संस्थेत राहायला खोली देणार म्हणत्यात, ते खरं हाय का?" त्याने विचारलं.

"हो. ज्यांची निवड होईल त्यांना."

"म्हणजे तिकडंच राहायचं. कायमचं."

"हो."

त्याची नजर माझ्यावर येऊन थांबली आणि मला कळलं, हा माणूस काय बोलणार ते. घरात पाच माणसं होती, सहा माग होते, आणि कांड्या भरायला ती एकटी.

"मी काय असलं बघितल्यालं न्हाई," तो म्हणाला. "घरात कामच एवढं असतं. तिला कागदबिगद काढायला सवड कुठली? नवऱ्यानं सोडल्यापासनं तिच्या डोक्यात कायबाय येत असतं. तुम्ही मनावर घेऊ नका."

"दादा," ती म्हणाली.

"चल. पाचची गाडी हाय."

मॅडमनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि जाहीर केलं की संस्था श्रीधर आवटी यांची निवड करत आहे. टाळ्या झाल्या. या वेळी जरा जास्तच, अवघडलेपण घालवायला वाजवतात तशा. वसगडे सरांनी माझा खांदा थोपटला आणि रत्नमालाकडून आपला कटर परत घेतला. पातं रुमालाने पुसून खिशात घातलं.

मी बाहेर माझ्या गाडीत खोकी ठेवत होतो. ती आली. भाऊ फाटकापाशी उभा राहून हाका मारत होता. अंगठ्याला तिने पदराची चिंधी बांधली होती. मला वाटलं शिव्या देईल. मी त्याची तयारी केली होती. चार माणसांत ओरडली असती तर मला सोपंच गेलं असतं.

"सर, मला खोली पाहिजे होती," ती म्हणाली. "तुमचं घर हाय, दुकान हाय. तुम्हाला काय पाहिजे होतं?"

अगदी साधा प्रश्न होता. खरंच विचारत होती. बराच वेळ वाट बघत उभी राहिली. मी खोकं एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागेवर ठेवलं. मग ती गेली.

गाडीत बसल्यावर मी फोन काढला आणि तिला ग्रुपमधून काढून टाकलं. कोणीतरी लगेच लिहिलं, 'बरं केलंत सर. अशा लोकांमुळे चांगली माणसं आराखडे द्यायला घाबरतात.' त्याखाली अकरा अंगठे आले.

केंद्र जूनमधे सुरू झालं. चारशे शाळांत हातमाग गेला. बहात्तरावा तुकडा लहान मूल गिळेल म्हणून मी तो मोठा करून घेतला, तेवढीच माझी भर. मला दोन पुरस्कार मिळाले. एका पुस्तिकेत माझा फोटो आला, हातात माग. खोली मी घेतली नाही, मला घर होतं. त्या खोलीत संस्थेने जुनी बाकं ठेवली.

त्यानंतर मी नवीन एकही खेळणं रचलं नाही. प्रयत्न केला नाही असं नाही. कागद पुढे घेऊन बसायचो, एखादी गोष्ट सुचायची आणि लगेच वाटायचं, ही कोणाची? आपण कुठे पाहिली? दोन वर्षांनी ग्रुप थंडावला. दुकान चाललं होतं, पाट्या आणि ट्रॉफ्या.

रत्नमालाची बातमी मला एकदाच कळली. भावाने माग विकल्यावर ती सोलापूरला टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवायच्या कामाला गेली, असं इचलकरंजीचं एक गिऱ्हाईक सांगत होतं. सोलापूर इथून चार तासांवर आहे. मी गेलो नाही.

मागच्या वर्षी मात्र मला राहवेना. माझी बायको गेली, मुलगी परदेशी, आणि घरात दिवसभर रत्नमालाचा तो फाटकाजवळचा प्रश्न माझ्याभोवती फिरायला लागला. मी शिरगावकर मॅडमकडे गेलो. त्या आता पंच्याहत्तरीच्या होत्या, गुडघे गेलेले, व्हरांड्यात आरामखुर्चीत बसून होत्या. मी चपला काढल्या, समोरच्या खुर्चीत बसलो आणि सगळं सांगितलं. कागद, तारीख, खिशातला तुकडा. मला वाटलं, मॅडम हाकलून देतील. द्यावं असंच मला वाटत होतं.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," त्या म्हणाल्या.

"कशावरून?" मी विचारलं.

"ती ट्रेकडे बघून म्हणाली, एक तुकडा कमी आहे. मी तुम्हाला विचारलं. खरा माणूस आधी ट्रेमधे डोकावला असता. तुम्ही माझ्याकडे बघितलंत." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "आणि तो कागद. पेन्सिल किती पुसट झाली होती, आणि तुमचं नाव कसं काळंभोर."

"मग?"

"मग काय? कागद तिचा होता, आवटी. मशीन तुमच्याकडे होतं. फाइल तुमच्याकडे होती. तिला घेतलं असतं तर तुम्ही ती दिली असती?"

मी त्यांच्या मांडीवरच्या चष्म्याकडे पाहिलं.

"नसती दिली. आणि शाळा जूनमधे उघडणार होत्या. चारशे शाळांना मी शब्द दिला होता." त्या अगदी शांतपणे बोलत होत्या, भाजीचा भाव सांगावा तशा. "परीक्षा घेतली ती लोकांसाठी. त्या बाईने कोरून तो चालवून दाखवला, तेव्हा क्षणभर मीही अडचणीत आले होते. तुम्ही कागद काढलात आणि सुटले."

"तुम्ही तिला नंतर दुसरं काही काम..."

"ती पुढच्या सोमवारी आली होती. एकटी. शिपायाने निरोप आणला." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "मी आत होते. नाही म्हणून सांगायला लावलं. बराच वेळ बसली होती म्हणे पायरीवर."

रस्त्यावरून कोणी भांडी विकत चाललं होतं. त्याचा आवाज लांब गेला. आपण अपराध कबूल केला म्हणजे कोणीतरी आपल्याला अपराधी म्हणेल, अशी माझी समजूत होती. समोर बसलेल्या बाईला ते म्हणायची गरज वाटत नव्हती.

आतून त्यांची सून दारात आली. तिने आमच्या दोघांकडे पाहिलं आणि हसून विचारलं, "सर, चहा घेणार ना?"

"घेतील," मॅडम म्हणाल्या. "साखर कमी घाल."

मी घेतला.